चिंधी बांधलेली वांगी

सोयाबीन निघालं, कुटाराचा ढीग बांधावर लागला, की आमच्या रानात मेंढ्या बसायला येतात. दिवसभर चरून आलेला कळप संध्याकाळी एकमेकांत तोंडं खुपसून बसतो आणि सकाळी रानावर लेंड्यांचा काळा सडा पडलेला असतो. मातीच्या वासावर आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं आहे. लेंडीच्या वासावर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. ओली लोकर, मूत, चावलेला पाला आणि थंडीची सुरुवात असा तो सगळा मिळून एक वास असतो. तो आला की माझ्या नाकाला कळतं, आता माळव्याचे, म्हणजे घरच्या भाजीपाल्याचे, वाफे करायचे दिवस आले.

यंदाही मेंढ्या आल्या. दिवाळी नुकतीच झाली होती. कळपाची मालकीण गयाबाई पाण्याची घागर घेऊन विहिरीवर आली आणि विहिरीजवळच्या मोकळ्या तुकड्याकडे बघत उभी राहिली.

"काहून माय, औंदा माळव्याचे वाफे न्हाई केले?"

"न्हाई केले."

"पोरगी कुठं हाये तुमची?"

"नांदेडला. शिकायला गेली."

"मंग आमची पयली भाजी बुडाली म्हना की!" असं म्हणून ती मोठ्यानं हसली. ज्या रानात मेंढ्या बसल्या, त्या रानातली पहिली भाजी मेंढ्यावाल्यांच्या पालावर पोचवायची, असा आमच्याकडचा रिवाज आहे. मेंढ्या बसवण्याचे दाणे वेगळे ठरतात, भाजी मात्र ठरवावी लागत नाही. गयाबाई गमतीनं बोलली होती. मीही हसले. पण ती घागर घेऊन गेल्यावर त्या मोकळ्या तुकड्याकडे बघून मला मागचा हिवाळा आठवला.

मी शाळेतून निवृत्त झाले आणि भावाकडे राहायला आले, त्याला आता काही वर्षं झाली. आमचं गाव कळमनुरीहून वारंगा फाट्याकडे जाताना आत वळल्यावर लागतं. माझा भाऊ दिगंबर माझ्याहून लहान आहे. हळद आणि सोयाबीन तो चांगली काढतो, पण त्याचं खरं कौशल्य सत्कार करून घेण्यात आहे. घरात एक कपाट फक्त शालींचं आहे. काही शालींच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. त्या पांघरल्या तर थंडी वाजते इतक्या त्या पातळ असतात. सन्मानाचं कापड जाड असण्याची गरज बहुधा कुणाला वाटत नसावी.

मागच्या वर्षी अशाच एका सत्कारातून तो एक वाक्य घेऊन घरी आला. मुलांना मातीशी जोडलं पाहिजे. व्यासपीठावर कुणीतरी ते म्हटलं होतं आणि दिगूच्या मनात ते रुतलं होतं. त्याची मुलगी साक्षी तेव्हा दहावीला होती, मुलगा शुभम आठवीला. विहिरीजवळच्या तुकड्यात त्यांची आई सुनंदा एकटीच दरवर्षी मेथी-पालक लावायची. त्या तुकड्याला आम्ही पिढ्यान् पिढ्या माळवं म्हणत आलो. दिगू त्या दिवसापासून त्याला परसबाग म्हणू लागला, तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती. घरातल्या वस्तूचं नाव बदललं की तिच्यावर कार्यक्रम होणार असतो.

त्यानं मुलांना ओसरीवर बसवून जाहीर केलं, "उद्यापासून रोज सकाळी अर्धा घंटा परसबागेत. दोघांनी बी."

"पप्पा, मला क्लास हाये," साक्षी म्हणाली.

"क्लास आठला हाये. मी साडेसहाचं बोलून राहिलो."

"मंग झोपू कधी?"

"अरे, आमी तुमच्या वयात..."

"विहीर खंदली व्हती," शुभमनं वाक्य पूर्ण केलं. "त्याच्या आधी बांध घातला व्हता. त्याच्या आधी आबाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं व्हतं."

सुनंदा पदर तोंडाला लावून आत गेली. दिगूनं माझ्याकडे पाहिलं. "अक्का, तू तर मास्तरीन व्हतीस. सांग की यांना."

मी काही सांगितलं नाही. आयुष्यभर चौदा-सोळा वर्षांच्या मुलांसमोर उभं राहिल्यावर एवढं कळतं, की सांगितलेलं त्यांना ऐकू येतं, फक्त ते आत जात नाही. ती कामाला भितात असा मोठ्यांचा समज असतो. माझ्या अनुभवात त्यांना कामाची भीती नसते. काम करताना कुणी पाहतंय, कौतुक करतंय, उदाहरण म्हणून दाखवतंय, याची त्यांना किळस असते. आणि दिगूची पद्धत नेमकी ती होती. तो बांधावर मागे हात बांधून उभा राहायचा, मातीतल्या जिवाणूंवर बोलायचा आणि अधूनमधून मोबाईल वर धरून चित्रण करायचा. साक्षी ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घ्यायची. शुभमनं मेथीचं बी एकाच जागी ओतलं. तिथं पुढे मेथीची एक गादी उगवली.

"आठवडी बाजारात जुडी भेटून राहिली की," तो म्हणाला. "त्याच्यासाठी एवढी तकलीफ काहून?"

या प्रश्नाला दिगूकडे भाषण होतं, उत्तर नव्हतं. आठवड्याभरात त्याचा उत्साह आटला आणि मुलं पुन्हा उशिरापर्यंत झोपू लागली.

नंतर जे झालं त्याचं श्रेय कुणालाही देता येत नाही. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. छतावर गेलं तर थोडी येते, बोलता बोलता जाते. पूर्ण रेंज गावात एकाच ठिकाणी आहे, आमच्या विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी जिथं पडायचं त्या दगडी कुंडाच्या काठावर. मोट केव्हाच गेली, दगड उरले. हा शोध साक्षीला लागला. मग शाळेतून आली की ती थारोळ्यावर जाऊन बसायची. मुलांना मातीची ओढ कशी लागते यावर मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. मोबाईलच्या मनोऱ्याचा उल्लेख त्यांतल्या एकातही नव्हता.

फोनवर बोलणाऱ्या माणसाचा एक हात रिकामा असतो. तो रिकामा हात साक्षीच्या नकळत शेजारच्या वाफ्यातलं गवत उपटू लागला. तिच्या एका मैत्रिणीचं कुणाशी तरी बिनसलं होतं. ती मैत्रीण रडून रडून सांगत होती आणि इकडे साक्षी "हां गं, हां, मंग काय म्हन्ला तो?" करत पालकाचा अख्खा वाफा निंदून मोकळी झाली. मैत्रिणीचं पुढे जुळलं की नाही मला माहीत नाही. पालक मात्र फार सुरेख आला.

हळूहळू फोन संपल्यावरही ती तिथं रेंगाळू लागली. मला अजून ती सकाळ दिसते. विहिरीतून पांढरी वाफ निघतेय, पलीकडे हळदीची पानं कडेनं पिवळी पडत चाललीत, आणि साक्षी अनवाणी पायांनी दांडातलं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवतेय. पाणी आलं की कोरडी माती बारीक आवाज करून ते पिते. साक्षी तो आवाज ऐकायला वाकायची. आपल्याला कुणी पाहतंय असं वाटलं की लगेच सरळ व्हायची आणि चेहरा कंटाळलेला करायची. मी खिडकीतून मागे सरायचे. तिचा तो कंटाळा मला फार मोलाचा वाटायचा, कारण तो खोटा होता.

शुभमला कोवळा पाला टोचणाऱ्या पाखरांचा राग आला आणि तो आपोआप कामाला लागला. त्यानं बुजगावणं केलं. दोन काठ्या, जुनी पँट, आणि वडिलांच्या कपाटातून काढलेली शाल. डोक्याच्या जागी सत्कारातला नारळ, त्यावर सत्कारातलाच फेटा. वाफ्यांच्या मधोमध एक मान्यवर उभे राहिले. दिगूनं ते पाहिलं आणि तो लालबुंद झाला.

"ही शाल कुनी दिलती ठाऊक हाये का तुला?"

"कुनी दिलती?" शुभमनं विचारलं.

दिगूनं तोंड उघडलं. आठवायचा प्रयत्न केला. पुन्हा मिटलं. सुनंदा हसता हसता बांधावर खाली बसली. इतकी वर्षं झाली तिला या घरात येऊन, पण तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच दिवसांत केव्हातरी साक्षीनं माळ्यावरचे डबे उतरवले आणि एका डब्याच्या तळाशी तिला राखेत ठेवलेलं बी सापडलं. सुनंदाचं माहेर सेनगावकडचं, साखऱ्याचं. तिच्या आईकडे एक वांगं होतं. आकारानं लहान, अंगावर पांढऱ्या रेषा, देठाला असे काटे की तोडणाऱ्याच्या बोटातून रक्त यावं. शिजलं की त्याची साल विरघळायची आणि चव जिभेवर संध्याकाळपर्यंत राहायची. लग्नात सुनंदाच्या आईनं ते बी लेकीच्या ओटीत घातलं होतं. काही वर्षं ते लावलं, मग रोपवाटिकेतली तयार रोपं सोपी वाटू लागली आणि बी डब्यात गेलं. आई वारली. साखऱ्याला सुनंदाच्या भावानं सगळ्या रानात सोयाबीन केलं.

"जुनं हाये," सुनंदा म्हणाली. "आता कुठलं उगवते ते?"

साक्षीनं ते सगळं ओल्या गोणपाटाखाली पेरलं आणि रोज शाळेत जाताना, येताना गोणपाटाचा कोपरा उचलून बघू लागली. बहुतेक बी कुजलं. चारदोन रोपं आली. रोपं दिसली त्या दिवशी जेवताना ती आईला एवढंच म्हणाली, "तुझ्या आईचं वांगं जित्तं हाये," आणि भाकरीकडे बघत राहिली. सुनंदानं तिच्या ताटात न मागता तूप वाढलं.

झाडांना फळं धरली तेव्हा सुनंदानं तिला दाखवलं, बियाण्यासाठी कोणतं राखायचं. जोरदार झाडावरचं, सरळ वाढलेलं, कीड नसलेलं. त्या फळाच्या देठाला चिंधी बांधायची. चिंधी बांधली की ते फळ सगळ्यांच्या लेखी भाजी राहत नाही. घरात पाहुणा आला आणि भाकरीबरोबर कोरड्यासाला काही नसलं तरी ते तोडायचं नाही. आमच्या भागात हे लेकरांनाही कळतं. रानातून जाता जाता चार वांगी ओट्यात घालणारे लोकही चिंधीवालं फळ सोडून बाजूचं तोडतात. साक्षीनं आपली जुनी ओढणी फाडून चिंध्या केल्या, पोपटी रंगाच्या.

मग ती वाट बघत राहिली. बियाण्याचं वांगं झाडावरच फुगतं, जांभळा रंग उतरतो, ते आधी मातकट आणि मग पितळेसारखं पिवळं होतं. खायच्या दृष्टीनं ते तेव्हाच संपलेलं असतं. दहावीच्या मुलीनं ज्या काळात इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायच्या, त्या काळात साक्षी एका भाजीला म्हातारं होताना बघत होती.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत साखऱ्याला जाईन," ती मला म्हणाली. "मामाला बी देईन. आजीचं वांगं आजीच्या रानात लावू. आन थोडं आपल्याकडं ठिवू. म्हंजे दोन ठिकानी राहील. एका ठिकानचं गेलं तरी दुसऱ्या ठिकानी."

सोळा वर्षांची मुलगी इतका पुढचा विचार करते आहे, हे मला त्यावेळी फार मोठं वाटलं. आजही वाटतं. पुढचा विचार करणारी घरात ती एकटीच होती.

दिगूला वाफे दिसायला लागले ते हिवाळा सरता सरता. त्यानं फोटो काढले, कुठल्या कुठल्या गटांवर पाठवले, आणि एका संध्याकाळी तो ओसरीवरूनच ओरडत आला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक मान्यवर येणार होते. आपल्या परसबागेला भेट, लेकरांचं कौतुक, छोटासा कार्यक्रम. आमच्याकडे छोटासा कार्यक्रम म्हणजे ज्यात जेवण असतं पण दोनच भाज्या असतात.

फलक छापून आला. त्यावर माणसं त्यांच्या महत्त्वाच्या मापानं लहानमोठी होती. मान्यवर सर्वांत मोठे, दिगू त्याच्या खालोखाल, मग काही असे चेहरे की ज्यांनी आमची विहीर कधी पाहिलेली नव्हती. साक्षी आणि शुभम उजव्या कोपऱ्यात तिकिटाएवढे. निमंत्रणात एक ओळ होती, हारतुरे टाळून पाहुण्यांचा सत्कार सेंद्रिय भाजीची परडी देऊन होईल. हल्ली साधेपणाचाही समारंभ करता येतो.

कार्यक्रमाच्या दिवशी साक्षीची सराव परीक्षा होती, ती सकाळीच गेली. मी आणि सुनंदा चुलीपाशी पुऱ्यांमध्ये अडकलो होतो. मंडपवाल्याला स्टेजसाठी सपाट जागा हवी होती. मेथीचा वाफा हिरवागार होता, पालकाचा हिरवागार होता, फोटोत तेच दिसायला हवे होते. वांग्याची झाडं मात्र आता जून झालेली, खालची पानं गळालेली. दिगूनं ती उपटायला सांगितली. फळं परडीत घेतली. चिंध्या सोडवून फेकल्या, कारण परडीत चिंध्या बऱ्या दिसत नाहीत. पितळेच्या रंगाची ती वांगी मेथीच्या हिरव्यावर ठेवली तेव्हा परडी खरोखर शोभून दिसली असणार. दिगूला रंगाची जाण आहे, हे मी नाकारत नाही.

तो अजाण नव्हता. याच रानात वाढलेला माणूस आहे. चिंधीची गाठ सोडताना त्याच्या बोटांना माहीत होतं ती काय सोडताहेत.

पाहुणे उशिरा आले. साक्षी परत आली तेव्हा त्यांचं भाषण चालू होतं. मातीत हात घातल्याशिवाय माणूस घडत नाही, असं काहीसं ते सांगत होते आणि त्यांचे बूट गालिच्यावर होते, गालिचा वांग्याच्या वाफ्यावर होता. साक्षी दप्तर पाठीवर घेऊन मांडवाच्या तोंडाशी थांबली. तिनं स्टेज पाहिलं. मग टेबलावरची परडी पाहिली. ती सरळ स्टेजवर चढून वडिलांच्या खुर्चीपाशी गेली आणि त्यांच्या कानाशी वाकली. मी शेजारीच, स्टेजच्या कडेला, पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होते.

"पप्पा, ती बियाची वांगी हायती."

दिगू समोर बघून हसत होता. हसू न मोडता म्हणाला, "मंग बोलू. पाहुने बसले."

"आजीचं बी हाये ते."

"मंग म्हनलं ना. थांब, फोटो हाये आता. इकडं उभी ऱ्हाय."

त्यानं तिचा दंड धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला आणि ती खाली उतरली. फोटोत शुभम एकटा आला, तोही डोळे मिटलेला. परडी गाडीच्या डिकीत गेली.

गाड्यांची धूळ बसायच्या आत साक्षी वडिलांपुढे उभी राहिली. "फोन लावा त्यांना. म्हना, बाकी सगळं न्या, तेवढी वांगी ठिवा. मी येऊन घेऊन जाते."

"दिलेली वस्तू परत मागू? चार पिकल्या वांग्यांसाठी? लोक काय म्हनतील मला?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अक्का, हे बराबर हाये का?"

"बराबर हाये," मी म्हणाले. "लाव फोन."

त्यानं फोन खिशात टाकला आणि मंडपवाल्याकडे गेला.

मी स्कूटी काढली. साक्षी मागे बसली. मंडळी वारंगा फाट्यावर चहाला थांबणार असं कुणीतरी बोलल्याचं तिच्या कानावर आलं होतं. मुख्य रस्त्याला लागल्यावर ती एकदाच म्हणाली, "आत्या, जोरात घे." मी माझ्या वयाला शोभणार नाही इतकी जोरात घेतली.

फाट्यावर ट्रक उभे होते, भज्यांचा घाणा चालू होता, एस.टी.ला हात करणारी माणसं होती. पाहुण्यांची गाडी नव्हती. एका हॉटेलाच्या पायरीवर मालक मेथी निवडत बसला होता. ती आमची मेथी होती. मी शपथ घेऊन सांगितलं नसतं, पण साक्षीनं लांबूनच ओळखली.

"काका, ही भाजी कुनी दिली?"

"साहेबाच्या ड्रायव्हरनं," तो खुशीत म्हणाला. "च्या घेतला, आन जाताना परडीच देऊन टाकली. साहेब म्हने, घरी कोन निवडते बसून. लई चांगली मेथी हाये, ताई. भज्यात टाकू."

"वांगी व्हती त्याच्यात."

"व्हती की. पन पिकली व्हती ती, कडू लागतेत. तिला टाकली." त्यानं हॉटेलाच्या मागच्या अंगाला बांधलेल्या शेळीकडे बोट केलं.

साक्षी तिकडे गेली. शेळीपुढे काटेरी देठ तेवढे पडले होते. तेवढेच शेळीनं सोडले होते. साक्षी उकिडवी बसून भुईवर बोटं फिरवत राहिली. चहाच्या पाण्याचा चिखल, शेळीच्या पायांनी तुडवलेला. ओलं, चपटं, फिकट असं काहीतरी ती नखानं उचलायची, उन्हात धरून बघायची आणि टाकून द्यायची. शेळी तिच्या ओढणीचा वास घेत होती.

हॉटेलवाला चांगला माणूस होता. त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. तो आत जाऊन दोन्ही हातांत काळीकुळकुळीत, चकचकीत, एका मापाची वांगी घेऊन आला. "हे घ्या ताई, ताजी हायती. पैसे नका देऊ."

साक्षीनं ती घेतली. थँक्यू म्हणाली. ती पिशवीत घालून गाडीला अडकवली.

परत येताना तिनं गावाच्या वळणावर विचारलं, "आत्या, पप्पाला चिंध्या दिसल्या न्हाईत, असं तर न्हाई ना?"

"दिसल्या," मी म्हणाले. मला दुसरं काही बोलता आलं असतं. पण या मुलीशी खोटं बोलणाऱ्यांची संख्या त्या दिवशी पुरेशी झाली होती.

"मंग ठीक," ती म्हणाली.

मी पुष्कळ वर्षं मुलांच्या तोंडून पुष्कळ शब्द ऐकले. शिव्याही ऐकल्या. ते "मंग ठीक" मात्र अजून कानात आहे. ज्याला राग येतो त्याला अजून काही अपेक्षा असते.

सुनंदानं त्या आठवड्यात साखऱ्याला भावाला फोन केला. आईचं ते काटेरी वांगं कुणाकडे असेल का, शेजारीपाजारी, कुठं? तो म्हणाला, "कोनतं वांगं, बाई?" सुनंदानं फोन ठेवला आणि चुलीत नसलेला धूर डोळ्यांत गेल्यासारखे डोळे पुसले.

दिगूविषयी लिहिताना माझ्या हातून तो दुष्ट होऊ नये. तो दुष्ट नाही. कार्यक्रमानंतर साक्षी माळव्याकडे फिरकेना, हे त्याला लागलं. एक दिवस तो रोपवाटिकेतून वांग्याच्या रोपांचा अख्खा ट्रे घेऊन आला, मोटारसायकलवर पुढ्यात धरून, रोपांना वारा लागू नये म्हणून अंगातला शर्ट त्यांच्यावर घालून. बनियनवर आलेला माझा भाऊ अंगणात उभा होता आणि हाका मारत होता, "साक्षी, बघ काय आनलं!" साक्षी बाहेर आली, छान हायती म्हणाली, आत गेली. ट्रे भिंतीच्या कडेला राहिला. त्याला पाणी कुणी घालायचं हे कुणी ठरवलं नाही. रोपं आधी झुकली, मग तिथंच वाळली. "आजकालच्या पोरांना ओढच न्हाई," असं दिगू त्यांच्याकडे बघून म्हणाला. त्याला खरंच दुःख झालं होतं. आपल्याला दुःख का झालं आहे, एवढंच त्याला सापडत नव्हतं.

कौतुकानं माणूस मोठा होतो, असं आपण धरून चालतो. मला आता वाटतं, कौतुकाचेही दोन प्रकार असावेत. एकात कौतुक करणारा मागे सरतो. दुसऱ्यात तो पुढे येऊन उभा राहतो, आणि त्याला उभं राहायला जागा लागते. ती कुणाच्या तरी वाफ्यातूनच काढावी लागते.

यंदा दिवाळीला साक्षी चार दिवस आली होती. उंच झाली आहे. बोलणं गोड झालं आहे. आता ती कंटाळल्याचा चेहरा करत नाही, हसतमुख असते आणि कुणाच्या शब्दाबाहेर नसते. दिगूला एका संस्थेनं बोलायला बोलावलं आहे, विषय नवी पिढी आणि माती. पडद्यावर दाखवायला त्याला नवा फोटो हवा होता.

"साक्षी, जरा परसबागेत उभी ऱ्हातीस का?" त्यानं भीत भीत विचारलं.

"हो की, पप्पा. पन वाफे कुठं हायती?"

"हळदीत उभी ऱ्हाय. हिरवं दिसलं की झालं."

ती आत जाऊन केस विंचरून आली. कोनाड्यातलं खुरपं घेतलं. हळदीच्या सरीत एक गुडघा टेकून बसली, खुरपं मातीला लागेल न लागेल असं धरलं, मान किंचित कलती केली आणि हसली. मी तिला लहानपणापासून ओळखते. ते हसू मी पहिल्यांदा पाहत होते.

"उन्ह डाव्या अंगानं येऊ द्या," ती म्हणाली. "जरा खालून धरा. हां, आता काढा."

दिगूनं काढला. पुन्हा एक काढला. फोटो बघून त्याचा चेहरा उजळला, इतका की त्याला दुखवेल असं काही बोलावंसं मला वाटेना. "पाह्यलं का, अक्का? लागली का न्हाई गोडी? टाइम लागते, पन लागते."

साक्षी उठली, गुडघा झटकला, खुरपं माझ्या हातात दिलं. "मला बी पाठवा, पप्पा. स्टेटसला ठिवते," म्हणाली आणि नळावर गेली.

तिच्या हातांना मातीचा कण लागला नव्हता. तरी तिनं साबण लावून ते कोपरापर्यंत धुतले.